शहराचं पाणी आणि युद्ध : सिंगापूर १९४२ आणि आपण

निशिगंधा | १५ फेब्रुवारी, रात्री ९.४०

आज संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी इथे सिंगापुरात सायरन वाजला. दरवर्षी १५ फेब्रुवारीला वाजतो. १९४२ साली याच दिवशी संध्याकाळी ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागती लिहून दिली. मी इथे अकरा वर्षं राहतेय, तरी तो आवाज आला की हातातलं काम थांबतं. लेकीनं विचारलं, "आई, आपण का हरलो?" तिच्या दृष्टीनं 'आपण' म्हणजे सिंगापूर. मी म्हटलं, बऱ्याच कारणांनी, पण त्यातलं एक पाणी. तिला ते पटेना. मग जे वाचलं होतं ते नीट जुळवून सांगितलं. तेच इथे लिहितेय.

तेव्हा शहराला दोन बाजूंनी पाणी येई. बेटावर मॅकरिची, पीअर्स आणि सेलेटर हे तलाव होते. शिवाय समुद्रापलीकडे जोहोरमधल्या गुनोंग पुलाईहून पाइप यायचा. हा पाइप बेट आणि मलाया (आजचं मलेशिया) जोडणाऱ्या कॉजवेवरूनच, म्हणजे समुद्रात भराव घालून केलेल्या रस्त्यावरूनच टाकलेला होता. ३१ जानेवारी १९४२ ला मागे हटणाऱ्या ब्रिटिश सैन्यानं जपान्यांची वाट अडवायला कॉजवेला भगदाड पाडलं. त्याबरोबर पाइपही गेला. म्हणजे शहराच्या पाण्याचा पहिला तुकडा शत्रूनं नाही, राखणाऱ्यांनीच तोडला. जपान्यांनी कॉजवे काही दिवसांत दुरुस्त करून घेतला. पाइप मात्र शहराच्या कामाला आला नाही.

उरले बेटावरचे तलाव. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सैन्य बेटावर उतरलं, ११ तारखेला बुकित तिमा पडलं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत तलावांचा परिसरही त्यांच्या हातात गेला. पण त्यांनी पाणी बंद केलं नाही. तलाव भरलेले होते, पंप चालू होते, वुडलीचं पंपिंग स्टेशन जपानी फळीपासून जेमतेम अर्ध्या मैलावर असूनही चालू होतं. तरी शहरातले नळ कोरडे पडत होते, कारण बॉम्ब आणि तोफगोळ्यांनी रस्त्याखालचे पाइप इतक्या ठिकाणी फुटले होते की पंपातून निघालेलं निम्म्याहून जास्त पाणी वाटेतच वाहून जात होतं. मलायातून पळून आलेल्या लोकांमुळे शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात पोचली होती. पर्ल्स हिलची टाकी रिकामी झाली आणि फोर्ट कॅनिंगच्या टाकीची पातळी झपाट्यानं उतरत होती.

फोर्ट कॅनिंगची ती टाकी आजही टेकडीवर आहे, वरून झाकलेली. कुंपणाच्या बाहेरून फक्त गवत दिसतं. त्याच टेकडीच्या पोटात भूमिगत लष्करी केंद्र होतं आणि तिथेच १५ तारखेला सकाळी शरण जायचा निर्णय झाला. मी गेल्या रविवारी तिथे जाऊन आले. डोक्यावर पाण्याची टाकी, खाली बंकर, आणि बंकरात बसलेले लोक हिशेब करताहेत की पाणी किती तास पुरेल.

लेकीच्या शाळेत मध्यंतरी नळ बंद ठेवून सराव घेतला. मुलं आपापल्या बाटल्या घेऊन रांगेत उभी होती. ते बघून मला आपल्याकडचं आठवलं. पाणी गेलं की काय करायचं हे आपल्या आया-आज्यांना पाठ होतं. आज आपल्याला येतं का? आणि शहरांना येतं का? पाणीपुरवठ्यात काम केलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.

---

देवगिरीकर | १५ फेब्रुवारी, रात्री ११.०५

उत्तम धागा. एक भर घालतो. पाणी हे एकमेव कारण नव्हतं. पेट्रोल संपत आलं होतं, विमानविरोधी तोफांचे गोळे जवळजवळ संपले होते, सैन्य थकलं होतं. जपानी सेनापती यामाशितापाशीही दारूगोळा कमीच होता आणि लढाई शहराच्या गल्ल्यांत लांबली असती तर तोच अडचणीत आला असता. पण ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलला शेवटी ज्या गोष्टीनं झुकवलं तिच्यात पाणी वरच्या ओळीत होतं. सैनिक अर्धपोटी लढतात. दहा लाख माणसांना पाण्याविना किती दिवस ठेवणार? त्यात प्रेतं ढिगाऱ्याखाली, मैला रस्त्यावर. साथीची भीती पर्सिव्हलच्या डोक्यात होतीच.

आणि आपला धागा इथे जुळतो. शरण गेलेल्यांत हजारो भारतीय सैनिक होते. दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, फॅरर पार्कवर त्यांना जपान्यांच्या हवाली केलं आणि त्यांच्यातूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली.

---

सातारी | १६ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

निशिगंधाताई, हे वाचून रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवलं. गड बांधायच्या आधी पाणी बघा, एवढंच सांगून ते थांबत नाहीत. गडावर झरा आहे, पाणी पुरतंय, म्हणून निश्चिंत राहू नका असं बजावतात. कारणही देतात: लढाईत तोफांच्या आवाजानं झरे बारीक होतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी जखिऱ्याची, म्हणजे राखीव साठ्याची, म्हणून वेगळी बांधा आणि त्यातलं पाणी एरवी खर्चू देऊ नका.

आवाजानं झरा आटतो की नाही हे भूगर्भवाल्यांनी सांगावं. पण 'खर्च विशेष लागतो' हे वाक्य मला फार खरं वाटतं. आगी विझवायला, जखमा धुवायला, पळून आलेल्यांना पाजायला, सगळ्याला पाणी लागतं. सिंगापुरात नेमकं तेच झालेलं दिसतंय. झरा होता, जखिरा उरला नव्हता.

---

निवृत्त पाणीवाला | १६ फेब्रुवारी, दुपारी १.५०

मी मुंबईच्या पाणीखात्यात बत्तीस वर्षं होतो. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, निवृत्त होताना हाताखाली बराच मोठा भाग होता. आतल्या गोष्टी लिहिणार नाही, लिहूही नयेत. पण सिंगापूरचं जे झालं त्याचं शास्त्र उघड आहे, ते सांगतो.

पाइप फुटला की सगळ्यात पहिलं काम दुरुस्ती नव्हे, तोडणं. म्हणजे फुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून तो तुकडा बाकीच्या जाळ्यापासून वेगळा काढायचा. ते अर्ध्या तासात झालं तर एक गल्ली कोरडी पडते. नाही झालं तर सगळं शहर त्या भोकातून रिकामं होतं. आता एकाच रात्री शंभर ठिकाणी फुटलं तर? शंभर जोड्या व्हॉल्व्ह शोधायचे, तेही ढिगाऱ्याखाली. कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय हे कोणाला माहीत? नकाशात असतं, पण नकाशा आणि रस्ता यांत वीस वर्षांचं डांबर असतं.

ते माहीत असतं चावीवाल्याला. मुंबईकरांना चावीवाला म्हणजे सकाळी आपल्या गल्लीत पाणी सोडणारा माणूस एवढंच ठाऊक. खांद्यावर माणसाच्या छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी, वर आडवा दांडा. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक चावीवाले मामा होते. मी त्यांच्याबरोबर पहाटे फिरायचो. रस्त्यावरचं झाकण उचललं, चावी खाली घातली, की ते आटे मोजायला लागत. तोंडातल्या तोंडात, पुजाऱ्यासारखे. "हा बावन्न आट्यांचा. त्यातले चाळीस भराभर फिरवा, शेवटचे बारा सावकाश." का? तर पाणी एकदम अडवलं की मागून येणारा लोंढा पाइपला दणका देतो आणि दुसरीकडे फुटतं. एका व्हॉल्व्हचे आटे झिजलेले होते, तो पंचेचाळीसला बसायचा. कागदावर बावन्नच. ज्याला हे ठाऊक नाही तो पुढचे सात जोर लावून फिरवणार आणि दांडा मोडून ठेवणार.

युद्ध म्हटलं की लोक म्हणतात तलावावर बंदूकधारी ठेवा, कुंपण घाला, कॅमेरे लावा. ठेवा, लावा, गरज आहे. पण शहराचं पाणी टिकतं ते तीन गोष्टींवर: फुटलेलं वेगळं काढता येणं, जोडायला सामान हाताशी असणं, आणि रात्री दोन वाजता बोलावलं तर येणारी, रस्ता ओळखणारी माणसं असणं. सिंगापुरात १९४२ ला पाणी होतं. त्यांना माणसं आणि लॉऱ्या कमी पडल्या.

---

अनघा_दादर | १६ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

काका, आटे मोजण्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या गल्लीतल्या चावीवाल्यांना मी कधी नाव विचारलं नाही. उद्या विचारणार.

---

खलाशी | १६ फेब्रुवारी, रात्री ८.३०

मी मर्चंट नेव्हीत आहे. युक्रेनमधल्या मिकोलायवला युद्धाआधी दोनदा धान्य भरायला गेलो होतो. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा त्या बंदरात बरेच भारतीय खलाशी अडकले होते, मार्चमध्ये दूतावासानं त्यांना बाहेर काढलं. त्यामुळे त्या शहराच्या बातम्या मी तेव्हापासून वाचत आलोय. पाण्याच्या बाबतीत आजच्या काळातलं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे.

मिकोलायव जवळजवळ पावणेपाच लाख वस्तीचं शहर. पिण्याचं पाणी नीपर नदीतून, सत्तर-एक किलोमीटर लांबच्या पाइपनं यायचं, आणि तो पाइप खेरसोन प्रांतातून जायचा. खेरसोन रशियनांच्या ताब्यात गेलं आणि १२ एप्रिल २०२२ ला मिकोलायवचे नळ बंद पडले. पाइप युद्धरेषेच्या पट्ट्यात फुटला होता, दुरुस्तीला जाणार कोण? जवळजवळ महिनाभर शहरात नळाला थेंब नव्हता.

मग पालिकेनं कठीण निर्णय घेतला. जवळची दक्षिण बूह नदी तिथे खाडीसारखी आहे, पाणी मचूळ. तेच पाइपांत सोडलं. संडास, धुणी, आग विझवणं, आणि इमारती गरम ठेवणारी यंत्रणा, यांना कसलं का होईना पाणी हवंच होतं. पण मिठानं पाइप आतून खाल्ले. गळती इतकी वाढली की दुरुस्तीवाल्या टोळ्या आज इथे, उद्या तिथे. नोव्हेंबर २०२२ मध्ये खेरसोन सुटलं, तरी मिकोलायवच्या नळाला खारंच पाणी राहिलं. प्यायचं पाणी लोक गल्लीतल्या वाटप केंद्रांवरून सहा-सहा लिटरच्या बाटल्या भरून नेत. विंधणविहिरी खोदल्या, पाणी गोडं करणारी यंत्रं बसवली, डेन्मार्कनं ते शहर जणू दत्तक घेतलं.

बंदरावर मला एक म्हातारी भेटायची, भाजी विकायला यायची. दोन पायऱ्या चढली की थांबायची. ती तेव्हा चौथ्या मजल्यावर बारा किलोचं ओझं कसं चढवत असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

---

निवृत्त पाणीवाला | १६ फेब्रुवारी, रात्री ९.१०

खलाशीदादा, खाऱ्या पाण्याचा तो निर्णय वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. आमच्या कामातल्या माणसाला कळेल की त्या अभियंत्यांनी काय गिळलं असेल. आपणच राखलेलं जाळं आपल्या हातांनी खराब करायचं. पण कोरडे पाइप त्याहून वाईट. पाइपात दाब असेपर्यंत गळती बाहेर जाते. दाब गेला की बाहेरची घाण त्याच भोकातून आत येते. शेजारी गटार असेल तर पटकी, विषमज्वर, कावीळ. मला वाटतं त्यांनी बरोबर केलं.

---

मुक्ता | १७ फेब्रुवारी, सकाळी १०.०२

सगळं वाचतेय. माझी भीती वेगळी आहे, विचारायला थोडा संकोच वाटतो. कुणी तलावात विष टाकलं तर? लहानपणी १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद लावलेले. तेव्हा आमच्या चाळीत कुणीतरी पसरवलं की टाकीत काहीतरी टाकलंय. आईनं भरलेली दोन पिंपं मोरीत ओतून दिली. रात्रभर घरात पाणी नव्हतं आणि सकाळी कळलं की तसं काहीच नव्हतं. आजही आईचा तो चेहरा आठवतो.

---

निवृत्त पाणीवाला | १७ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

मुक्ताताई, संकोच कसला. हा प्रश्न मला नोकरीभर विचारला गेला.

मुंबईचे सातही तलाव भरले की त्यांत साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी असतं. एवढ्या पाण्यात काहीही टाकलं तरी ते विरतं. त्यानंतर तुरटी, गाळणी, क्लोरीन आणि वाटेत ठिकठिकाणी तपासणी. आपल्या घरी नळाच्या पाण्याला जो किंचित वास येतो ती शेवटची राखण आहे. ते उरलेलं क्लोरीन नाहीसं झालं तर वाटेत कुठेतरी घाण शिरली हे कळतं.

राखण ढिली पडली की काय होतं त्याचं उदाहरण युद्धातलं नाही. १९३७ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनला विषमज्वराची साथ आली. एका विहिरीत दुरुस्तीचं काम चालू होतं, कामगारांपैकी एकाच्या अंगात त्या रोगाचे जंतू होते, आणि नेमकं त्याच काळात गाळणी आणि क्लोरीन बंद ठेवलं होतं. ४३ माणसं गेली. कुणी शत्रू नव्हता. दोन वर्षांनी महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये क्लोरीनबद्दल कुणी वाद घालत बसलं नाही.

---

देवगिरीकर | १७ फेब्रुवारी, दुपारी २.२५

मुक्ताताईंच्या आठवणीला जोडून एक लिहायलाच हवं. पाण्यात विष टाकल्याची अफवा ही विषाइतकीच मारक असते. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामाकडे कान्तोचा भूकंप झाला, आग लागली, पाण्याचे पाइप फुटले. त्यातच अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत. जमावांनी, आणि काही ठिकाणी पोलिस-सैनिकांनीही, हजारो कोरियनांना मारलं. कित्येक चिनी आणि जपानीही त्यात गेले. विष कुणीच टाकलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, युद्धाच्या काळात पालिकेनं रोज, ठरलेल्या वेळी, पाण्याची तपासणी काय निघाली ते साध्या भाषेत जाहीर करावं. आकडा असला तर आकडा. गप्प राहिलं की ती जागा अफवा भरते. पाणी राखण्यातलं हे अर्धं काम आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

---

सातारी | १७ फेब्रुवारी, रात्री ८.००

तपासणीवरून. वॉर्सामध्ये पाणी जिथून उचलतात तिथे आठ शिंपले ठेवलेत, जिवंत. प्रत्येकाच्या कवचाला स्प्रिंग आणि मोजणारं यंत्र जोडलेलं. पाणी चांगलं असलं की शिंपला उघडा राहतो. काही बिघडलं की तो स्वतःला मिटून घेतो, आणि बरेचसे एकदम मिटले की धोक्याची सूचना जाते. काही महिन्यांनी त्यांना पुन्हा नदीत सोडतात. आपल्याकडे जुन्या विहिरींत मासे-कासव सोडायची पद्धत होती ती अशाच विचारातून असावी असं मला वाटतं.

---

कुर्लेकर | १७ फेब्रुवारी, रात्री १०.४५

आत्तापर्यंत वाचत होतो, आता लिहावंसं वाटलं. पाण्याची सुरक्षा हा शब्द आमच्या भागात वेगळा ऐकू येतो.

तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या मोठ्या पाइपांलगत पिढ्यानपिढ्या वस्त्या होत्या. पाइपांना धोका आहे म्हणून दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर जागा मोकळी करायचा आदेश उच्च न्यायालयानं दिला. हजारो घरं तुटली. त्यातल्या बऱ्याच कुटुंबांना माहुलला पाठवलं, जिथे शेजारी तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने. तिथली हवा राहण्याजोगी नाही हे पुढे हरित लवादापुढे आणि न्यायालयातही आलं, आणि लोकांना जबरदस्तीनं तिथे पाठवू नका असं न्यायालयानंच २०१९ मध्ये सांगितलं. विद्याविहारला लोक महिनोन् महिने रस्त्यावर बसले होते.

मी त्या पाइपांवरून शाळेत गेलोय. उन्हाळ्यात पाइप गार लागायचा, आम्ही दुपारी त्याला पाठ टेकून बसायचो. आत पाणी वाहतंय हे पाठीला कळायचं. आणि ते पाणी आमच्या घरात येत नव्हतं, आम्ही हंडे घेऊन दूर जायचो. पाइपातून गळतीचा आवाज आला की आमची माणसं ऑफिसात सांगायला जायची. त्यांना धोका म्हणून हलवलं, राखणदार म्हणून कुणी पाहिलं नाही.

---

निवृत्त पाणीवाला | १८ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

कुर्लेकर, तुमचं मान्य करून माझी बाजू लिहितो. तो पाइप माणसाच्या उंचीहून मोठा. फुटला तर नव्या तुकड्याला क्रेन लागते, खोदायला यंत्र लागतं, आणि ते उभं करायला जागा लागते. वस्तीला लागून पाइप फुटला तर पहिल्या दहा मिनिटांत वस्तीच वाहून जाईल. मी असा एक फुटलेला पाइप पाहिलाय, पाण्यानं दगडी भिंत ढकलून नेली होती. म्हणून जागा मोकळी हवी, हे मी आजही म्हणेन.

पण माणसं कुठे पाठवली हे चुकलं, यात मला शंका नाही. आणि गळती कळवायचे ते तुमचे लोकच, हे शंभर टक्के खरं. रात्री लोखंडी सळई पाइपला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून आम्ही गळती ऐकत फिरायचो. त्यातली निम्मी ठिकाणं आम्हाला वस्तीतल्या बायकांनी आधीच सांगितलेली असायची.

---

मानसी_पिट्सबर्ग | १८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

इकडची एक गोष्ट. माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर अ‍ॅलिक्विपा नावाचं छोटं गाव आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या पाणीपुरवठ्याच्या एका पंपिंग स्टेशनातलं नियंत्रण यंत्र बाहेरून कुणीतरी ताब्यात घेतलं. ते यंत्र इस्रायली कंपनीचं होतं आणि अमेरिकी सरकारच्या म्हणण्याप्रमाणे हल्लेखोर इराणशी संबंधित होते. पडद्यावर त्यांचा संदेश झळकला. पाण्याला काही झालं नाही, कारण धोक्याची सूचना मिळताच कर्मचाऱ्यांनी ते यंत्र बंद करून पंप हातानं चालवायला घेतले. गाझाचं युद्ध कुठे आणि आमच्याकडचं हे गाव कुठे!

काकांच्या चावीवाल्या मामांवरून हे आठवलं. सगळं संगणकावर गेल्यावर हातानं चालवू शकणारा माणूस कामावर उरला पाहिजे.

---

शनिवारकर | १९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

वय ७८. नातू टंकून देतोय.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला. पूर ओसरला आणि मग कळलं की पुण्याचं पाणी ज्या तलावातून यायचं तो तलावच रिकामा झालाय. घरात गाळ आणि नळाला पाणी नाही. तेव्हा पेठांतले आड आणि हौद कामी आले. नळ आल्यावर लोक ज्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हते, त्या आडांवर पुन्हा रहाट लागले. आमच्या वाड्यातला आड माझ्या वडिलांनी दर उन्हाळ्यात उपसून घ्यायचा हट्ट धरला होता. शेजारी म्हणायचे कशाला खर्च. त्या जुलैत आख्खी गल्ली आमच्या दारात रांगेत होती, वडील स्वतः दोर ओढून देत होते.

आता तिथे पाच मजली इमारत आहे. आडावर पार्किंग.

---

खलाशी | १९ फेब्रुवारी, दुपारी १२.२०

आजोबा, नमस्कार. बोस्नियातल्या साराजेव्होचंही असंच. १९९२ ते १९९६ शहराला वेढा होता, मुख्य पाणी वेढा घालणाऱ्यांच्या हातात. शहरात जुन्या बिअरच्या कारखान्याचा स्वतःचा झरा होता, लोक तिथे रांगा लावायचे. १५ जानेवारी १९९३ ला त्या रांगेवर तोफगोळा पडला, आठ माणसं गेली. पुढे फ्रेड क्यूनी नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं नदीचं पाणी शुद्ध करायचं यंत्र विमानानं तुकड्या-तुकड्यांनी आणून एका रस्त्याच्या बोगद्यात बसवलं. तिथे तोफ पोचत नव्हती.

म्हणून ज्यांना वाटतं की रांग लावून पाणी वाटलं की झालं, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं: युद्धात रांग हेच लक्ष्य होतं. वाटपाच्या जागा लहान, पुष्कळ आणि विखुरलेल्या हव्यात.

---

देवगिरीकर | १९ फेब्रुवारी, दुपारी १.००

कायद्याचं थोडक्यात. नागरिकांच्या जगण्याला लागणाऱ्या गोष्टींवर, त्यात पिण्याच्या पाण्याची बांधकामंही आली, हल्ला करू नये असं जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणीत कलम ५४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. धरणांसाठी कलम ५६ आहे. भारतानं ही पुरवणी स्वीकारलेली नाही. स्वीकारावी असं माझं ठाम मत आहे. कागदानं तोफ थांबत नाही. ६ जून २०२३ ला युक्रेनच्या युद्धात काखोव्का धरण गेलंच. पण गुन्ह्याला गुन्हा म्हणायला आधी तो लिहिलेला असावा लागतो.

---

निशिगंधा | २० फेब्रुवारी, रात्री १०.३०

एवढं सगळं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

सिंगापूरनं पुढे काय केलं ते राहिलं होतं. १९६५ ला स्वतंत्र झाल्यावरही जोहोरचं पाणी लागतच होतं. १९६२ च्या करारानं रोज २५ कोटी गॅलन घेता येतं, तो करार २०६१ ला संपतो. म्हणून त्यांनी आणखी वाटा उघडल्या. आता बेटावर १७ तलाव आहेत, २००३ पासून सांडपाणी पुन्हा शुद्ध करून वापरतात, २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करतात. जोहोरचा पाइप अजून कॉजवेवरून येतो. रोज हजारो लोक त्याच्या शेजारून कामाला जातात.

लेकीनं परवा तो पाइप दाखवून विचारलं, "हाच का तो?" मी म्हटलं, तो नाही, पण जागा तीच.

---

अनघा_दादर | २ मार्च, रात्री ९.५५

धागा वर काढतेय कारण सांगण्यासारखं काही झालंय.

शनिवारकर आजोबांचं वाचल्यापासून चैन नव्हतं. आमच्या इमारतीच्या मागे एक चौकोनी फरशी आहे, मुलं त्यावर क्रिकेटचे स्टंप लावतात. खाली विहीर आहे असं जुने लोक म्हणायचे. मलेरियाच्या भीतीनं शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या कितीतरी विहिरी झाकल्या, त्यातलीच असेल. चर्चगेटची भिखा बेहरामची विहीर १७२५ ची, समुद्राच्या इतक्या जवळ असून गोडी. म्हटलं, आपली बघू तरी.

सोसायटीच्या सभेत बराच वाद झाला. शेवटी शनिवारी फरशी उचलली. दोर सोडला, अकरा फुटांवर पाणी लागलं. चिरेबंदी बांधकाम, आत फर्न उगवलेले. पाणी तपासायला दिलं, आज निकाल आला: जंतू आहेत, प्यायला चालणार नाही. पण संडासाला, धुण्याला, आग लागली तर विझवायला चालेल. गाळ उपसायला पुढच्या रविवारी माणसं येताहेत. वर लोखंडी जाळी बसवणार, मच्छर जाऊ नयेत म्हणून बारीक, आणि कुलूप. एक किल्ली सेक्रेटरींकडे. दुसरी कुणाकडे द्यायची यावर मी चावीवाल्यांचं नाव सुचवलं. गणपतराव. त्यांनी आधी विहिरीत वाकून पाहिलं, मग हातपंप लागेल म्हणाले, वीज गेली तर मोटरचा उपयोग काय?

काका, हातपंप कुठला घ्यावा?

---

निवृत्त पाणीवाला | ३ मार्च, सकाळी ७.०५

गणपतरावांना माझा नमस्कार सांगा. पंपाचं नंतर, आधी गाळ उपसल्यावर खोली मोजा आणि पाणी किती तासांत पुन्हा भरतं ते घड्याळ लावून लिहून ठेवा. एप्रिलअखेर आणि मे अखेर परत मोजा. मेचा आकडा आला की मला कळवा, त्यावरून पंप ठरवू.